सहा पासपोर्ट, एक पर्स

वाचकाचं पत्र

"ताई, आम्ही कोल्हापूरच्या सहा मैत्रिणी. वयं ५२ ते ६४. चार वर्षं भिशीतून पैसे बाजूला टाकून आता थायलंडला जायचं ठरवलंय. बँकॉकला तीन दिवस आणि क्राबीला चार दिवस. टूर कंपनीबरोबर नाही, आमचं आम्ही. ऑगस्टची तिकिटं स्वस्त दिसतायत. परदेशी आधी गेलेली मी एकटीच, मुलाकडे दुबईला दोनदा, त्यामुळे सगळ्यांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. पासपोर्ट, पैसे, तिकिटं, हॉटेलचे कागद, सगळं मीच सांभाळायचं. आमच्यातली एक इन्सुलिनवर आहे. दोघी शुद्ध शाकाहारी. एक म्हणते तिकडे स्कूटर भाड्याने घेऊ. घरचे म्हणतात, 'काही झालं तर तिथे कोण बघणार?' आणि मला आतापासूनच रात्री झोप लागत नाही. काय काय तयारी करू?"
एक वाचक, कोल्हापूर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं 'सगळं मीच सांभाळायचं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमची झोप त्या वाक्याने उडवली आहे, आणि तुमच्या मनाने धोका बरोबर ओळखलाय.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी बँकॉकला गेलो होतो. तेव्हा ती 'सगळं सांभाळणारी' मी होते. पाचही पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, हॉटेलचा पत्ता माझ्या फोनमध्ये, तिथलं सिमही फक्त माझ्याकडे. बाकीच्या माझ्या हॉटस्पॉटवर. सियाम स्टेशनवर गाडी बदलताना गर्दीत आम्ही चौघी आत चढलो आणि पाचवी फलाटावर राहिली. दार मिटलं. काचेतून तिचा चेहरा दिसला तो अजून आठवतो. पुढच्या चिडलोम स्टेशनवर उतरून आम्ही उलट आलो, तोवर ती आम्हाला गाठायला पुढच्या गाडीत बसून निघून गेली होती. तिच्याकडे थोडे सुटे बाथ (तिथलं चलन) होते, फोनला नेट नव्हतं आणि हॉटेलचं नाव काही केल्या तिला आठवेना. तीन तासांनी कुठल्याशा स्टेशनवर एका कर्मचारी मुलीने तिला स्वतःचा फोन दिला. तिला एकच नंबर पाठ होता, पुण्यातल्या लेकीचा. लेकीने मला फोन केला, आणि आम्ही भेटलो. तिला काही इजा झाली नाही. पण त्या तीन तासांत मी मनाशी जे ठरवलं ते आजतागायत मोडलेलं नाही, आणि तुम्हालाही तेच सांगते: तुमच्यातली कुणीही, कुठेही एकटी पडली, तरी रात्री ती आपल्या खोलीवर आणि शेवटच्या दिवशी मुंबईच्या विमानात पोचली पाहिजे. तुम्ही बरोबर नसलात तरी.

पासपोर्टपासून सुरू करू. ज्याचा त्याच्याकडे. प्रवासाच्या दिवशी कपड्याच्या आत, गळ्यातल्या किंवा कमरेच्या पातळ पाऊचमध्ये. फिरायच्या दिवशी खोलीतल्या तिजोरीत, आणि जवळ झेरॉक्स. प्रत्येकीने दोन पासपोर्ट-साइज फोटो आणि एक झेरॉक्स पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवायची. पासपोर्ट हरवलाच तर आधी तिथल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवायची, मग तो कागद घेऊन बँकॉकच्या सुखुमवित सोई २३ वरच्या भारतीय दूतावासात जायचं. ते घरी परतण्यापुरतं तात्पुरतं प्रवासपत्र देतात. हातात झेरॉक्स आणि फोटो असले तर काम लवकर होतं. सहा पासपोर्ट एकाच पर्समध्ये असताना ती पर्स गेली, तर दूतावासात सहा जणींना उभं राहावं लागेल. एकीचा गेला तर बाकी पाच जणी तिच्या पाठीशी उभ्या राहू शकतात.

तिकीट काढण्याआधी सहाही पासपोर्टांची मुदत बघा. थायलंडमध्ये उतरल्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवेत. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव असतं, कुणाच्या नावात नवऱ्याचं नाव असतं, कुणाचं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने असतं. आणि तिकीट काढणारा भाचा हाक मारायच्या नावानेच बुकिंग करून टाकतो. अशी चूक विमानतळावर कळली की पैसे जातात, कधी विमानही जातं. कुणाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का असेल (दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर असतो), तर घाबरू नका. तो परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा नियम आहे. फक्त परतीच्या तिकिटाचा आणि हॉटेल बुकिंगचा छापील कागद तिच्या हातात असू द्या, कारण काउंटरवर तिला विचारतील आणि तेव्हा उत्तर तिनेच द्यायचं आहे.

व्हिसाबद्दल: जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना थायलंडमध्ये व्हिसा न काढता साठ दिवसांपर्यंत राहायची सवलत मिळाली. पण असे नियम सरकारं बदलत असतात. तिकीट काढण्याआधी आणि निघायच्या आठवड्यात, असं दोन वेळा थाई दूतावासाच्या साइटवर बघा. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते पूर्ण मोफत आहे. फोनवर शोधलं की त्याच नावाच्या, पैसे मागणाऱ्या साइट वर येतात. खरी साइट थायलंडच्या इमिग्रेशन खात्याची, तिच्या पत्त्याचा शेवट 'गो डॉट टीएच' असा आहे. सहाही जणींचं मिळून एकदम भरता येतं, तरी माझं म्हणणं, एका संध्याकाळी एकत्र बसा आणि जिचं तिने, जिच्या तिच्या फोनवर भरा. पहिल्यांदा तास जाईल. पण परदेशात अडचण आली की फोनवर फॉर्म भरता येणं हाच मोठा आधार असतो, आणि तो सराव घरच्या सोफ्यावर व्हावा.

आता ऑगस्टबद्दल. हे जरा कडक सांगते: ऑगस्टमध्ये क्राबीला जाऊ नका.

श्रावणात आपण गणपतीपुळ्याला गेलो तरी समुद्रात उतरत नाही. क्राबी, फुकेत ही ठिकाणं अंदमान समुद्रावर आहेत आणि तिथेही तोच नैऋत्य मोसमी वारा लागतो. मे ते ऑक्टोबर लाटा उंच असतात, किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात, बेटांवर जाणाऱ्या बोटी कधीही रद्द होतात. फी फी बेटावरची माया बे तर दर वर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंदच असते. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ 'फिनिक्स' नावाची पर्यटक बोट वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. खराब हवामानाचा इशारा त्या दिवशी दिलेला होता. तिकीट स्वस्त का आहे, याचं उत्तर यात आहे.

आणि एक आपल्या घरचं कारण. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैमध्येही तेच झालं. विमान मुंबईहून, तुम्ही कोल्हापुरात आणि मध्ये पूर, ही चिंता कशाला विकत घ्यायची? जानेवारी-फेब्रुवारीत जा. तिकीट काही हजारांनी महाग पडेल. चार वर्षं साठवलंत, आणखी पाच महिने भिशी चालू द्या. तेव्हा समुद्र शांत असतो, पाणी निवळ असतं आणि बँकॉकचा उकाडाही सोसवतो.

तिकिटं घेताना आणखी एक गोष्ट तपासा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, आणि दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना. क्राबीची बरीचशी स्वस्त विमानं डॉन मुआंगहून सुटतात. परतीला क्राबीहून एका विमानतळावर उतरून मुंबईचं विमान दुसऱ्यावर असेल, तर मध्ये अर्धा दिवस तरी ठेवा.

इन्सुलिन घेणाऱ्या मैत्रिणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे चूक परवडत नाही. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. खाली सामानात गेलं तर गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या: आजार, औषधांची मूळ नावं, डोस, आणि सुया-पेन बरोबर बाळगणं गरजेचं आहे हे वाक्य. औषधं मूळ पाकिटात, स्ट्रिप न कापता. गरजेच्या दुप्पट साठा घ्या, पण सगळा तिच्याकडे नको. अर्धा दुसरीच्या हातबॅगेत. वेळेचा फरक दीडच तासाचा आहे, त्यामुळे डोसचं वेळापत्रक फार बिघडत नाही, तरी जाण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. समुद्रावर जाताना पेन वाळूतल्या पिशवीत उन्हात राहू देऊ नका, थंडावा धरणारा छोटा पाऊच मिळतो तो घ्या.

खरी गोष्ट मात्र बाकीच्या पाच जणींनी शिकायची आहे. फिरण्याच्या नादात जेवण लांबतं, चालणं रोजच्या तिप्पट होतं आणि साखर उतरते. दरदरून घाम, हात थरथरणं, उगाच चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली की 'थोडं बसू, बरं वाटेल' म्हणायचं नाही. शुद्धीत असेल तर लगेच ग्लुकोज, साखर किंवा फळांचा रस द्यायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १६६९ ला फोन, हा तिथला रुग्णवाहिकेचा नंबर. प्रत्येकीच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी हवी. थाई भाषेत मधुमेहाला 'बाओ वान' म्हणतात, एवढे दोन शब्द सगळ्यांनी पाठ करा. तुमच्यापैकी कुणी झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक गोळी घेत असेल तर तिचंही प्रिस्क्रिप्शन बरोबर हवं. अशा औषधांवर तिथे कडक नियंत्रण आहे आणि तीस दिवसांपेक्षा जास्त साठा चालत नाही.

प्रवास विमा इथूनच काढून निघा. सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊ नका. मधुमेह, बीपी, आधीची शस्त्रक्रिया जे असेल ते अर्जात लिहा. 'सांगितलं तर हप्ता वाढेल' म्हणून लपवलं, तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. एजंटला दोन प्रश्न लेखी विचारा: आधीपासून असलेल्या आजाराचा झटका आला तर किती रकमेपर्यंत देणार, आणि बोटीतून, पाण्यात काही झालं तर देणार का? तिथली खाजगी रुग्णालयं चांगली आहेत, पण दाखल करण्याआधी पैशांची हमी मागतात. म्हणून विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर आणि स्वतःचा पॉलिसी क्रमांक प्रत्येकीकडे कागदावर हवा. नुसता फोनमध्ये असून चालणार नाही. फोन पाण्यात पडतात.

स्कूटरचं म्हणणाऱ्या मैत्रिणीला माझ्याकडून प्रेमाने सांगा, नको. कोल्हापुरात ती रोज ॲक्टिव्हा चालवत असेल, थायलंडमध्येही रस्त्याची डावी बाजूच आहे, तरीही. आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढल्याशिवाय तिथे गाडी चालवणं बेकायदा आहे, आणि परवाना नसताना अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. शिवाय बरेच भाड्याने देणारे पासपोर्ट ठेवून घेतात. पासपोर्ट कुणाकडेही गहाण ठेवायचा नाही, अगदी कुणाहीकडे. तेवढं एक झालं की माणूस त्याच्या हातात जातो.

फिरायला टॅक्सी मागवायचं ग्रॅबसारखं ॲप आहे. भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर दिसतो, घासाघीस नाही. तुम्ही सहा जणी एका टॅक्सीत मावणार नाही. म्हणजे दर वेळी दोन गाड्या, म्हणजे हे ॲप किमान दोघींना सफाईने चालवता आलं पाहिजे. बघा, सगळं एकीकडे ठेवणं इथेही जमत नाही. हॉटेलात पोचल्याबरोबर रिसेप्शनवरून थाई लिपीत पत्ता असलेली सहा कार्डं मागून घ्या. बऱ्याच चालकांना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही. ते कार्ड पर्समध्ये आणि त्याचा फोटो फोनमध्ये. सिम किंवा ई-सिम सहाही जणींचं वेगळं असू द्या, हॉटस्पॉटवर भागवू नका. भारतातलं सिमही चालू राहिलं पाहिजे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी रोमिंगवर एसएमएस येतात का ते कंपनीला विचारा आणि त्या सिमचा डेटा बंद ठेवा.

चुकामूक झाली तर काय, हे आधीच ठरवा. आमच्या वेळी हेच ठरलेलं नव्हतं. फलाटावर राहिली तिने तिथेच थांबायचं, हलायचं नाही. गाडीत गेल्या त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. अर्ध्या तासात भेट झाली नाही तर सगळ्यांनी हॉटेलवर. बाजारात शिरताना एखादं मोठं, ठळक ठिकाण दाखवून ठेवायचं. चातुचाकसारख्या अवाढव्य बाजारात तर हवंच. आणि प्रत्येकीने दोन नंबर तोंडपाठ करायचे, फोनमध्ये न बघता. एक घरचा, एक बरोबरच्या मैत्रिणीचा. ते कागदावर लिहून दहा वेळा म्हणायला लावा, शाळेत पाढे म्हणवतात तसं.

पैशांचं. भारतातली बरीच कार्डं परदेशी व्यवहारासाठी बंद असतात, ती बँकेच्या ॲपमधून चालू करून मर्यादा घालावी लागते. तिथे पोचून हे कळलं की पंचाईत होते. थोडे बाथ इथल्याच अधिकृत मनी चेंजरकडून घ्या, पावतीसह. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढताना दर वेळी दोनशेहून जास्त बाथ फी जाते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. कार्ड घासताना मशीन विचारेल, रुपयांत की बाथमध्ये? नेहमी बाथ. रुपये निवडले की ते आपल्याला वाईट दर लावतात. प्रत्येकीकडे स्वतःचं कार्ड, स्वतःची रोकड, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी. टॅक्सी-जेवणासाठी वर्गणी काढा, पण दोन-दोन दिवसांचीच, आणि ती सांभाळणारी दर दोन दिवसांनी बदलू द्या. भिशीत नंबर लागतो तसाच हा नंबर लावा.

दागिने घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर काळ्या मण्यांचं साधं घालून जा. सोन्याच्या बांगड्या, पाटल्या घालून गेलात तर परतताना कस्टमला 'हे आमचंच' पटवून द्यावं लागू शकतं; त्यासाठी जातानाच विमानतळावर निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं लागतं. त्या खटपटीपेक्षा लॉकर बरा.

बॅगेत काय भरता त्यावरही लक्ष द्या. वाटेत खायला भडंग, खाकरा, लाडू घ्या, खुशाल घ्या. पण अख्खं सुकं खोबरं घेऊ नका. ते तेलकट, पेट घेणारं म्हणून विमानाच्या सामानात मनाई आहे, आणि ओटीत आलेली वाटी आपल्या बायकांच्या बॅगेत हमखास असते. लोणचं, चटणी, तूप खालच्या बॅगेत. हातात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ वस्तू जात नाही. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. तुमचं विमान थेट असावं, पण सिंगापूर किंवा दुबईमार्गे तिकीट मिळालं तर खसखस किंवा खसखस लावलेले अनारसे अजिबात नेऊ नका. तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्यात खसखस येते.

आणि येताना, ताई, कुणाचीही पिशवी, कुणाचाही खाऊचा डबा स्वीकारू नका. 'मावशी, माझं सामान जास्त झालंय, एवढं मुंबईपर्यंत न्या' म्हणणारा मुलगा कितीही सालस दिसला तरी नाही म्हणा. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात, आणि बॅग ज्याच्या हातात त्याच्यावर गुन्हा. मध्यमवयीन बायकांवर कुणी संशय घेत नाही, हे अशा लोकांना पक्कं माहीत असतं. बँकॉकच्या दुकानांत गांजाच्या पानाचं चित्र असलेली बिस्किटं, गोळ्या दिसतात; नातवंडांसाठी म्हणून चुकून उचलू नका.

तिथल्या कायद्यांत दोन गोष्टी मनावर घ्या. राजघराण्याबद्दल वेडंवाकडं बोलणं, लिहिणं हा कलम ११२ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन ते पंधरा वर्षं. नोटेवर राजाचं चित्र असतं, नोट उडाली तर पायाने दाबू नका. ई-सिगारेटला बंदी आहे; बरोबर भाचे-पुतणे नाहीत, म्हणून हे फक्त कानावर घातलं. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी-पंजाबी ड्रेसला काहीच अडचण नाही. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नसतो, गर्दीत जरा अंतर ठेवा.

ग्रँड पॅलेसच्या आसपास एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस म्हणेल, 'आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरं मोठं देऊळ दाखवतो.' मग टुकटुक (तिथली रिक्षा), मग रत्नांचं दुकान, मग हजारोंचे खडे. ही फसवणूक तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. बंद आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकीवर जाऊन बघायचं. काही बिनसलं तर ११५५, पर्यटक पोलीस, चोवीस तास, इंग्रजी बोलतात. हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये पहिला असू द्या.

क्राबीला आओ नांगहून रेले किनाऱ्यावर जायला रस्ताच नाही, लांब शेपटीच्या लाकडी बोटीनेच जावं लागतं. चढताना-उतरताना गुडघाभर पाणी असतं आणि शिडी हलते. साडी नको, सलवार-ट्राउझर घाला. फोन आणि औषधं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. लाइफ जॅकेट बोट सुटण्याआधी अंगावर, आणि पट्टे बांधलेले. गरम होतं म्हणून सोडून ठेवायचं नाही. जॅकेट पुरत नसतील तर ती बोट सोडून द्या, पैसे गेले तरी. पोहताना पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला व्हायचं, मग परतायचं. पोहता येत नसेल तर कमरेच्या वर पाणी नको. जेलीफिश डसलं तर चोळू नका, व्हिनेगर ओता. किनाऱ्यावर निळ्या-पांढऱ्या त्सुनामीच्या पाट्या दिसतील, २६ डिसेंबर २००४ नंतर लावलेल्या. बाणाची दिशा एकदा बघून ठेवा.

माकडांना खायला घालू नका. क्राबीच्या टायगर केव्ह मंदिराला बाराशेच्या वर पायऱ्या आहेत आणि पायथ्याशी माकडं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालूनच नमस्कार करावा. माकडाने किंवा कुत्र्याने नुसतं ओरबाडलं तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. 'परत गेल्यावर बघू' चालत नाही.

शाकाहारी मैत्रिणींसाठी: तिथे भाजीतही फिश सॉस पडतो, त्याला 'नाम प्ला' म्हणतात. 'नो फिश' म्हटलं तरी सॉस पडतोच, कारण तो त्यांच्या लेखी मासा नाही, मीठ आहे. 'किन जे' हे दोन शब्द उपयोगी. 'जे' म्हणजे मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली दुकानं या जेवणाची. बँकॉकला भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, क्राबीत आओ नांगलाही मिळतील.

राहिला घरच्यांचा प्रश्न, 'तिथे कोण बघणार?' त्याचं उत्तर कागदावर द्या. एका पानावर सहाही जणींची नावं, पासपोर्ट क्रमांक, विमानांच्या वेळा, दोन्ही हॉटेलांचे पत्ते आणि फोन, विम्याचे क्रमांक, ११५५, १६६९ आणि दूतावासाचा फोन. त्याच्या सहा प्रती, सहा घरांत, फ्रिजवर लावलेल्या. रोज सकाळी आणि रात्री एक मेसेज, प्रत्येकीने आपापल्या घरी. जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली तेव्हा आपल्या दूतावासाने प्रवाशांना सूचना दिल्या होत्या. तुम्ही जाणार ती ठिकाणं सीमेपासून लांब आहेत, पण निघण्याआधी दूतावासाच्या ताज्या सूचना वाचायचं काम घरातल्या एकाला नेमून द्या. त्यांनाही काळजीऐवजी काहीतरी करायला मिळेल.

आणि तुमची झोप. येत्या भिशीच्या दिवशी सगळ्यांना बोलवा आणि कामं वाटा. एकीकडे विमा, एकीकडे क्राबीच्या बोटी, एकीकडे औषधं, एकीकडे सिम, एकीकडे थाई शब्द. तुमच्याकडे फक्त विमानाची तिकिटं. त्यानंतरच्या रविवारी एक रंगीत तालीम करा: सहा जणी महाद्वार रोडला जा, गर्दीत दोघी-दोघींनी वेगळ्या व्हा, एकीचा फोन बंद ठेवा आणि तासाभरात सगळ्यांनी रंकाळ्यावर भेटून दाखवा. जी अडकेल तिला आणखी काय हवंय ते तिथेच कळेल.

त्याआधी आज रात्री एवढंच करा. ग्रुपवर लिहा, 'आपापल्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो घरच्या कुणाला तरी पाठवा आणि मुदतीची तारीख मला कळवा.' पासपोर्ट मात्र कुणाचाही मागून घेऊ नका.